नऊ वर्षांचा राजा घरी आणावा का?

सेलूहून एका ताईंनी विचारलंय. त्यांचे दीर पोलिसात आहेत, त्यांच्या ओळखीनं श्वान पथकातला एक लॅब्रेडोर मिळतोय, नाव राजा, वय ९ वर्षं, बीडीडीएसला होता म्हणजे बॉम्ब शोधायचं काम. आता निवृत्त होतोय आणि त्याच्या हँडलरचं क्वार्टर दोन खोल्यांचं, त्यात आधीच एक म्हातारं कुत्रं, म्हणून त्याला नेता येत नाही. ताईंच्या घरात दोन लेकरं, ६ आणि ११ वर्षांची, सासरे, आणि गावापासून ४ किलोमीटरवर शेत. मालकांचं, म्हणजे ताईंच्या नवऱ्याचं म्हणणं, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर राखणीला होईल. सासरे म्हणतात पोलिसाचं कुत्रं हाय, लेकराला फाडून खाईल. आणि ताईंना स्वतःला काळजी की आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते टिकेल का.

मी २२ वर्षं मराठवाड्यातल्याच एका जिल्ह्याच्या श्वान पथकात हँडलर होतो. तीन कुत्री हाताखालून गेली, शेवटची राणी, तीपण लॅब्रेडोर, तीपण बीडीडीएसचीच, ती माझ्यासोबत घरी आली आणि साडेतीन वर्षं राहिली. तर जे सांगतोय ते तिच्यावरून आणि पथकातून लोकांच्या घरी गेलेल्या आठ-दहा कुत्र्यांवरून.

आधी मालकांचं बघू, कारण ते सगळ्यात चुकीचं आहे. राखणीला घेत असाल तर घेऊ नका, सरळ सांगतो. बॉम्बवालं कुत्रं आयुष्यभर गर्दीत काम करतं, तुळजापूरचं नवरात्र म्हणा, पैठणची नाथषष्ठी म्हणा, नांदेडला गुरुद्वाऱ्याचा बंदोबस्त, मंत्र्याचा दौरा, हजार माणसं अंगावरून जातात, कोणी शेपटीवर पाय देतं, कोणी बिस्कीट पुढं करतं. तिथं माणसावर भुंकणारं कुत्रं चालतच नाही. ट्रेनिंगमध्ये पहिल्यापासून त्याला हेच शिकवलेलं असतं की वास सापडला की गुपचूप खाली बसायचं, भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, तोंड लावायचं नाही, कारण खरंच तिथं काही असलं तर पंजा मारणाऱ्या कुत्र्याचं आणि हँडलरचं काय होईल ते सांगायला नको. असा राजा तुमच्या आखाड्यावर पाण्याची मोटार चोरायला आलेल्या माणसाचा हात चाटेल आणि बॅटरीच्या उजेडात त्याच्यासोबत विहिरीपर्यंत जाऊन येईल. मोटारीची राखण करायला गावठी कुत्रं पाळा, त्याच्याइतकं चोख काम कोणी करत नाही.

सासऱ्यांच्या भीतीचं उत्तर पण त्यातच आलं. पण त्यांचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नाही, कारण पोलिसाचं कुत्रं म्हणजे एकच जात नसते. गुन्हेशोधक वेगळं, चोरी-खुनाच्या जागेवरून माग काढणारं, ते बहुतेक डॉबरमॅन नाहीतर जर्मन शेफर्ड, त्याचं माणसाच्या वासामागं जाणं रक्तातच भिनलेलं असतं. स्फोटकाचं वेगळं, गांजा-अफूचं वेगळं. आणि निमलष्करी दलांकडं, आर्मीकडं चावायला शिकवलेली मॅलिनॉइस जातीची कुत्री असतात, ती लहान लेकराच्या घरात मी म्हणेन कधीच नको, कितीही गोड दिसलं तरी, पळणाऱ्या लेकराच्या मागं ते कुठल्या क्षणी ड्युटीवर जाईल ते सांगता येत नाही. तर दिरांना सांगून नुसतं 'पोलिसातलं लॅब' एवढ्यावर थांबू नका, नेमकं कुठल्या कामाचं आणि कधी कोणाला दात लावलाय का हे हँडलरला समोरासमोर विचारा. हँडलर खोटं बोलणार नाही, कारण त्याचा जीव त्या कुत्र्यात अडकलेला असतो आणि आठवड्याभरात ते परत आलेलं त्याला नको असतं.

कागदांचं थोडक्यात. कुत्रं सरकारी मालमत्ता असतं, त्यामुळं डॉक्टरांनी कामाला अयोग्य ठरवून वरून आदेश निघतो तेव्हाच ते रेकॉर्डवरून कमी होतं. त्या आदेशाची आणि ताबा दिल्याच्या कागदाची कॉपी घ्या, ओळखीत आहे म्हणून तोंडी आणू नका. आणि त्याची हिस्ट्री शीट मागा, हो, कुत्र्याचीपण असते, फक्त गुन्हेगारासारखी बदनाम नसते, लसी, आजार, ऑपरेशन, वजन सगळं त्यात लिहिलेलं असतं. आर्मीचं कुत्रं घ्यायचं कोणाच्या मनात असेल तर ते मीरतच्या आरव्हीसी सेंटरकडून, म्हणजे आर्मीच्या पशुवैद्यकीय दलाच्या केंद्राकडून, तिथं अर्ज करावा लागतो आणि शेवटपर्यंत सांभाळीन असं लिहून द्यावं लागतं. आर्मीत तर पूर्वी निकामी झालेलं कुत्रं झोपेचं इंजेक्शन देऊन संपवायचे, २०१५ ला ते माहिती अधिकारात बाहेर आलं, दिल्ली हायकोर्टात गेलं आणि मग दत्तक द्यायला लागले. आमच्याकडं पोलिसात तसं नव्हतं पण पेन्शनपण नव्हती, आदेश निघाला की रेशन बंद, त्या दिवसापासून सगळा खर्च नेणाऱ्याचा. माझा राणीवरचा खर्च, खाणं, गोचिडाचं औषध, सांध्याच्या गोळ्या धरून महिन्याला साडेतीन-चार हजारांच्या घरात जायचा, शेवटच्या वर्षी जास्तच. हा आकडा आधी मालकांसमोर ठेवा.

आता खरी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. कुत्रं रिटायर होतं पण त्याचं नाक काही रिटायर होत नाही.

राणी घरी येऊन तीन महिने झाले असतील. मी तिला घेऊन शेतावर गेलो होतो, पट्टा सैल सोडलेला. शेजाऱ्याकडं नवीन विहिरीचं काम चालू होतं, कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर उभा, पोरं खाली भोकं मारत होती, मी बांधावर बोलत उभा. तर ही गेली, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापाशी एक लोखंडी पेटी होती, तिच्या कडेनं एकदा नाक फिरवलं, परत आली, परत नाक, आणि बसली. शेपूट जमिनीवर सरळ, कान पुढं, आणि नजर पेटीवर नाही, माझ्यावर. पेटीत जिलेटिनच्या कांड्या. शेजारी हसत होता, म्हणे थकली वाटतं म्हातारी. मला काही हसू येईना. तिनं तिचं काम केलं होतं आणि आता ती तिच्या बॉलची वाट बघत होती, नऊ वर्षं दरवेळी बसलं की बॉल मिळाला होता, आणि माझ्या खिशात तंबाखूची पुडी सोडून काही नव्हतं. शेवटी खांद्यावरच्या टॉवेलला गाठ मारली, शाब्बास राणी म्हणून लांब फेकला, तेव्हा ती उठली. संध्याकाळी घरी आल्यावर तो टॉवेल काही केल्या सोडेना.

तर राजा तुमच्याकडं आला की हेच होणार. दिवाळीत फटाक्याच्या पिशवीपुढं बसेल, पोळ्याला, लग्नाच्या वरातीत आतषबाजीच्या हातगाडीपुढं बसेल, कोणाच्या तरी दुकानात बसेल. त्याला ओढू नका, ओरडू नका, काही मिळालं नाही तर ते परत परत जातं, पाणी पीत नाही, झोपत नाही. शाब्बास म्हणा, बॉल टाका, आणि तिथून घेऊन जा. आणि हो, ते खरंच कुठं बेवारस सामानापुढं बसलं, बसस्टँडवर म्हणा, तर मग मात्र स्वतः पिशवी उघडायला जाऊ नका, मागं व्हा आणि ११२ ला फोन करा. हजारातून एकदा होईल पण नाक त्याचंच असेल.

हे नाक रिकामं ठेवलं की कुत्रं बिघडतं. लोक येऊन मला म्हणायचे, पथकात इतकं शहाणं होतं, घरी चपला फाडतंय, रात्रभर येरझाऱ्या घालतंय. अहो त्याला सकाळी आठला गाडीत बसून कुठंतरी जायची सवय, तुम्ही त्याला ओट्यावर साखळीनं बांधून भाकरी टाकताय. राणी पहिले दोन महिने सकाळी दारात बसायची, रस्त्यावरून बोलेरो गेली की उठून उभी राहायची. त्याला रोज काम द्या, लई मोठं नाही, दोन वेळा दहा-दहा मिनिटं. आमच्याकडं तीन घमेली पालथी घालायचो आणि एकाखाली उकडलेल्या चिकनचा तुकडा नाहीतर भाकरीचा कुटका. आधी त्याच्यासमोर, मग त्याला आत ठेवून, मग गोठ्यात, मग कडब्याच्या गंजीपाशी. तुमच्या ११ वर्षांच्या लेकराला हे काम द्या, दोघांची दोस्ती त्यातनंच होईल. 'सर्च' हा शब्द हँडलर कसा म्हणतो, कुठला हात करतो, ते एकदा मोबाईलमध्ये व्हिडिओ काढून आणा, कारण कुत्र्याला शब्द कमी आणि हात जास्त कळतो. कमांड बहुतेक इंग्रजी असतात, सिट, डाऊन, स्टे, हील, त्या तशाच ठेवा.

बॉलवरून एक इशारा. गल्लीत लेकरं क्रिकेट खेळत असतील आणि राजा मोकळा असेल तर तो बॉल त्याचाच आहे असं समजून तो जाणार, ३० किलोचं धूड, सहा वर्षांचं लेकरू मधे आलं तर आडवं होईल, चावणार नाही पण डोकं फुटेल. लेकरांना दोनच गोष्टी शिकवा, त्याच्या तोंडातलं ओढायचं नाही आणि झोपलेल्याला हात लावायचा नाही, आधी नावानं हाक, उठला की मग जवळ. म्हातारपणी ऐकू कमी येतं, दचकून उठलेलं सगळ्यात शांत कुत्रंपण तोंड फिरवतं, त्यात त्याचा दोष नसतो.

घर त्याला नवीन असतं हे विसरू नका. त्याचं आयुष्य केनेलमध्ये गेलंय. गोळीबाराच्या सरावात कान न हलवणारी माझी राणी पहिल्या दिवशी मिक्सरला घाबरून मोरीत जाऊन बसली, कुकरची शिट्टी झाली की भुंकायची. शहाबादी फरशीवर मागचे पाय फाकायचे तिचे, मग जिथं ती फिरायची तिथं पोती आणि जुन्या सतरंज्या टाकल्या. पहिले आठ-दहा दिवस घरात, पट्ट्यावर, पाहुणे बोलवू नका, गल्लीतल्या सगळ्यांना दाखवायला नेऊ नका. शी-शूला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, पट्टा लावूनच न्या, पट्ट्याशिवाय कित्येक कुत्री करतच नाहीत आणि तुम्ही म्हणता आजारी पडलं. आणि गावातल्या मोकाट कुत्र्यांपासून जपा, राजाला त्यांची भाषा येत नाही, तो शेपूट हलवत थेट घोळक्यात जाईल आणि अंग फाडून घेऊन येईल. चावला गेला तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लस आधी दिलेली असली तरी डॉक्टरकडं न्या.

आता ऊन. ताई तुमची काळजी रास्त आहे, पण राजा इथलाच, नऊ उन्हाळे काढलेत त्यानं, फक्त ते जवानपणी आणि कूलर लावलेल्या केनेलमध्ये. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा कूलर, आणि हवाच ४३ डिग्री असली की तो कूलर काम करत नाही, वरून वजन वाढलेलं असलं तर संपलंच. एप्रिल-मे मध्ये फिरवणं सकाळी साडेसहाच्या आत उरकायचं, संध्याकाळी डांबरावर तळहात टेकवून बघा, सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचा पायपण भाजणार. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बांधू नका, आखाड्यावर तर नाहीच, लाईट गेली की पंखा बंद आणि तिथं बघायला कोणी नाही. घरात खालच्या खोलीत ओलं पोतं टाका, तो स्वतः त्यावर येऊन पोट टेकतो. केस भादरू नका, ते त्याला उन्हापासून वाचवतात. आणि एक थर्मामीटर वेगळा ठेवा, मागनं लावायचा, कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ असतं हे लक्षात ठेवा नाहीतर माणसाच्या हिशोबानं रोजच ताप वाटेल. १०४ च्या वर गेलं, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चालताना झोकांड्या, तर बर्फ शोधत बसू नका, साधं पाणी पोटावर, मांड्यांत, पंजांवर ओतत राहा, पंखा लावा आणि तसंच ओलं गाडीत घाला. एका घरी मी पोहोचेपर्यंत त्यांनी कुत्र्याला ओल्या चादरीत घट्ट गुंडाळून ठेवलं होतं, आतली गरमी बाहेर जायलाच जागा नाही, ते कुत्रं गेलं. फार चांगली माणसं होती.

तब्येत घ्यायच्या आधी बघा, नंतर नाही. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून तासाभरावर, तिथं नेऊन खुब्याचा एक्सरे आणि रक्त तपासा. लॅब आणि शेफर्डचे खुबे म्हातारपणी हमखास दुखतात, गाडीतून उड्या मारून मारून अजूनच. पण प्रत्येक लंगडणं म्हणजे संधिवात नसतं. मुंबई पोलिसांचा जंजीर माहीत असेल, १९९३ ला तीन हजार किलोच्या वर आरडीएक्स शोधणारा, तोपण लॅबच, २००० साली हाडाच्या कॅन्सरनं गेला. त्यामुळं एकाच पायावर लंगडत असेल आणि दोन आठवड्यांत उतरत नसेल तर गोळ्या देत बसू नका, एक्सरे. दुसरं म्हणजे गोचीड ताप, आपल्याकडं ढोरं-कुत्री एका गोठ्यात, खाणं सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त, की लगेच रक्ताची तपासणी, वेळेत धरला तर तीन-चार आठवड्यांच्या गोळ्यांत बरा होतो.

आणि हात जोडून सांगतो, ढोराचं औषध त्याला टोचू नका. गोचिडासाठी बैलाला दिलेल्या आयव्हरमेक्टिनच्या बाटलीतलं उरलेलं अंदाजानं कुत्र्याला दिलेलं मी पाहिलंय, अंदाज चुकला की कुत्रं थरथरत आंधळं होतं. पाय दुखतोय म्हणून घरातली पॅरासिटामॉल, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक काहीच नाही, पॅरासिटामॉलनं लिव्हर जातं, बाकीच्यांनी पोटात रक्तस्राव होतो. शेतावर थायमेट, उंदराची गोळी, फवारणीची बादली उंचावर. पथकात अनोळखी हातचं खायचं नाही हे शिकवलेलं असतं पण घरच्या लाडात ती शिस्त सहा महिन्यांत जाते, भरवसा ठेवू नका.

खाण्याचं लई मनावर घेऊ नका. पथकात जे चालू होतं ते पहिला आठवडा तसंच, मग हळूहळू तुमचं मिसळा. ज्वारीची भाकरी चालते, ताक-भात चालतो, पण त्यावरच नाही, अंडी-चिकन लागतं. कांदा-लसणाची फोडणी नको, द्राक्षं नको, चॉकलेट नको. काम बंद झालं म्हणजे खाणं पाव हिश्शानं कमी करा, सासरे प्रेमानं पेढा देतील त्यांना आवरा, एक किलो वाढलं की खुब्यावर पडतं. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसता कामा नयेत, एवढा हिशोब.

किती दिवस मिळतील असंपण विचारलंय. लॅब दहा-बारा वर्षं जगतो. २६/११ ला ड्युटी केलेले मुंबईचे मॅक्स, सुलतान, टायगर, सीझर रिटायर होऊन विरारला एका शेतावर राहिले आणि २०१६ या एकाच वर्षात चौघंही गेले. म्हणजे तुमच्या हातात दोन वर्षं, नशीब असलं तर तीन-चार, आणि त्यातलं शेवटचं वर्ष उचलून बाहेर नेण्याचं. धाकट्या लेकराला हे आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं माझ्या नातवाला, तो महिनाभर घमेली पालथी घालून ठेवायचा.

तर माझं मत, राखणीचा विषय डोक्यातून काढून मालक तयार असतील आणि दुपारी घरात कोणीतरी असेल, तर आणा. सासरेच दुपारी घरी असतात ना, मग बघा, सगळ्यात आधी त्यांच्याच खाटेखाली जाऊन झोपेल तो. मे महिन्यात आणू नका, पाऊस पडू द्या, जूनच्या शेवटी आणा. येताना हँडलरकडून त्याचा जुना पट्टा, अंथरूण आणि बॉल मागून घ्या आणि अंथरूण न धुता तसंच टाका. हँडलरला पंधरा दिवस तरी भेटायला येऊ देऊ नका, फोनवर रडेल तो, रडू द्या, नंतर महिन्यातून एकदा येऊ दे.

राहिलं नावाचं. तुमच्या चुलत सासऱ्यांचं नावपण राजाभाऊ, म्हणून कुत्र्याचं बदलावं का असं विचारलंय. नऊ वर्षं ज्या नावाला उठला-बसला ते आता बदलू नका, गर्दीत, रस्त्यावर तेवढी एकच हाक त्याला परत आणते. चुलत सासऱ्यांना अण्णा म्हणायला लागा, ते सोपं पडेल.